टाळ्यांचा भादवा

यंदाही भादव्यात कुठल्यातरी दोन शेजारी देशांची जुंपली आणि आमच्या घरातला चहा वाढला. माझा मुलगा बँकेतून निवृत्त झालेला, नातू पुण्याहून सुटीवर आलेला, शिवाय आजूबाजूचे दोघे-तिघे, असे सगळे टीव्हीसमोर ठाण मांडून असतात. पडद्यावर कोट घातलेला एक माणूस जमिनीवर रंगवलेल्या नकाशावर बुटांसकट फिरतो. काल कोण किती पुढे सरकलं, आज कोण किती मागे हटलं, हे सांगताना त्याच्या तोंडाला फेस येतो. आमची मंडळी माना डोलावतात आणि मध्येच एखादा टाळी देतो. नातू म्हणतो, "आजी, चहा कर ना." मी म्हणते, "लढाईले मी चहा करत नाही. पाव्हना आला त सांग, त्याले करतो." त्यांना वाटतं म्हातारी विक्षिप्त आहे. वाटू दे.

मी आपली मागच्या दाराशी सूप घेऊन बसते. नव्या मुगाच्या शेंगा उन्हात तडकत असतात. पाऊस उघडलेला, पण जमीन अजून ओली, ज्वारी निसवलेली आणि सातपुड्याचा डोंगर धुऊन ठेवल्यासारखा स्वच्छ दिसतो. मुगाच्या टरफलांचा तो कोमट, धुळकट वास नाकात गेला की मला पासष्ट सालच आठवतं. दुसऱ्या कोणाला त्या वासानं आई आठवेल, माहेर आठवेल. मला ओसरीवर बसलेले आमचे सेनापती आठवतात आणि अजूनही माझं डोकं फिरतं.

त्या वर्षी मी सोनाळ्यात नवी होते. माहेर नांदुऱ्याचं, वडील स्टेशनच्या मालधक्क्यावर कामाला. आमच्या वस्तीत मराठी, हिंदी, उर्दू सगळं एकाच नळावर पाणी भरायचं. लग्न होऊन इथे आले ती थेट स्वयंपाकघरात. डोक्यावर पदर, सासऱ्यांसमोर जायचं नाही, बोलायचं तर दाराआडून आणि तेही सासूबाईंमार्फत. सासरे म्हणजे मामाजी. मूग आणि कापूस नांदुऱ्याच्या बाजारात नेऊन विकायचे, त्यामुळे त्यांना जग पाहिल्यासारखं वाटे. गावात रेडिओ एकच, तो त्यांचा. बॅटरीवर चालणारा, सासूबाईंनी विणलेल्या झालरीखाली झाकलेला. एरवी त्यावर बाजारभाव आणि भजनं ऐकत. लढाई सुरू झाली आणि ती झालर जी निघाली ती पुन्हा त्यावर पडलीच नाही.

संध्याकाळी ओसरीवर सभा भरे. मामाजी मधोमध लोडाला टेकून. उजव्या हाताला हेडमास्तर, डाव्या हाताला दवाखान्यातले कंपाउंडर, आणि पायरीपर्यंत गाव. मराठी बातम्या नागपूरहून येत, पण त्या लावायच्या नाहीत. मराठीतली लढाई त्यांना पुळचट वाटे. दिल्लीची हिंदी हवी. ती कडक, खणखणीत, तिच्यात तोफेचा आवाज आहे म्हणत. मामाजींची हिंदी बाजारातली, हेडमास्तरांची पाचवीच्या पुस्तकातली. बाकीच्यांची जेवढ्यास तेवढी. पण बातमी संपली की तिघेही असे अर्थ सांगायला बसत, जणू ती यांनीच दिल्लीला पाठवली होती.

मला चुलीपाशी बातम्या ऐकू येत नसत. ओल्या तुराट्यांचा धूर आणि फुंकणी, त्यात शब्द कुठला कळणार? ऐकू यायच्या त्या टाळ्या. टाळ्या झाल्या की समजायचं, काहीतरी जिंकलं, आता चहा लागेल. साखर रेशनची. घरात आम्ही गुळाचा पीत होतो, सेनापतींना मात्र साखरेचा. एक पूल उडाला की एक पातेलं. लाहोरच्या वाटेवर आमची महिन्याची साखर संपली, आणि लाहोर काही हाती आलं नाही.

हेडमास्तरांनी शाळेतला नकाशा आणला होता. त्याचा वरचा कोपरा उंदरांनी खाल्लेला, नेमका जिथे लढाई चालली होती तिथलाच. तो भाग त्यांनी खडूनं ओसरीच्या फरशीवर काढला. सैन्यं दाखवायला डाळी हव्यात म्हणून मागणी आली. मी सासूबाईंच्या हाती नवे मूग आणि तुरीची डाळ पाठवली. आधी मूग आपले ठरले, कारण ते आपल्या शेतातले. मग कंपाउंडरांच्या लक्षात आलं की हिरवा रंग तिकडचा. त्यावर बराच वेळ वाद झाला आणि अखेर आपल्या सैन्याला तुरीची डाळ मिळाली. रोज संध्याकाळी डाळ पुढे सरके, मूग मागे हटत. सभा उठली की सासूबाई दोन्ही सैन्यं एकाच सुपात भरून आत आणत आणि म्हणत, "निवडून टाक व माय." मी दोन्हींची मिसळून आमटी करत असे. मामाजी दोनदा मागून घेत आणि विचारत, आज आमटीत काय घातलं म्हणून. लढाई घातली होती, पण तसं सांगायची सोय नव्हती.

शत्रूची विमानं सोनाळ्यावर येणार, असंही एकदा ठरलं. का येणार, तर इथे तेलाचा घाणा आहे. मग कंदिलाच्या काचांना निळे कागद चिकटले आणि आम्ही बाया स्वयंपाकघरात एकमेकींच्या पायावर पाय देत वावरू लागलो. शाळेमागे खंदक खणला. काळ्या मातीत पावसाळ्यात खंदक खणायची अक्कल फक्त पुरुषांना सुचू शकते. दुसऱ्याच दिवशी तो पाण्यानं भरला आणि त्यात कोणाचीतरी बकरी पडली. तिला वर काढायला गेलेले दोघे मांडीपर्यंत रुतले. साऱ्या लढाईत आमच्या गावानं घेतलेले घाव म्हणजे ते, आणि ते दोघे पुढे कितीतरी दिवस लंगडत मिरवत होते.

मुनीरभाई शिंपी आधी रोज येऊन बसत. ओसरीच्या कडेला, खांबाला टेकून, तपकीर ओढत ऐकायचे. लढाईच्या पहिल्या दिवशी दुपारीच कंपाउंडर त्यांना म्हणाले, "काऊन मुनीरभाई, तुमचं तिकडलं स्टेशन लावाचं काय?" सगळे हसले. मुनीरभाईही हसले, कारण न हसून करतात काय. त्या संध्याकाळपासून ते आले नाहीत. मामाजींनी बोलावणं पाठवलं नाही. माझं शिवलेलं पोलकं द्यायला त्यांची बायको आली, ती मागच्या दारानं आली. हिंदी-उर्दू जन्मापासून कळणारा सभेत तो एकच माणूस होता. हे मी का सांगते आहे ते पुढे कळेल.

आणि पायरीशी चंद्राबाई. गावाबाहेर वान नदीकडे तिचा मळा. नवरा लवकर गेलेला. वांगी, गवार आणि सांभार, म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, टोपलीत घेऊन ती संध्याकाळी यायची. तिचा एकुलता एक मुलगा महादेव पलटणीत होता आणि त्याची पलटण लढाईवर होती. गावात खऱ्या लढाईत असलेला माणूस तो एकटाच, पण त्याचं नाव निघालं की ओसरी हसायची. कारण महादेव म्हणजे बिनकामाचा. हे गावानं त्याचं नावच पाडलं होतं. वाफ्याला पाणी सोडून शीळ घालत झोपून जायचा आणि पाणी शेजाऱ्याच्या ज्वारीत. वखर धरायला दिलं तर तास वाकडं. बैल विकायला पाठवला तर बैलाला फिरवून परत घेऊन आला, म्हणे त्याच्या डोळ्यात पाणी होतं. एक दिवस अकोल्याला भरती आहे म्हणून गेला आणि घेतला गेला. गाव म्हणालं, आता पलटणीचं काही खरं नाही. चंद्राबाईही कावून बोलायची त्याला, बिनकाम्या म्हणायची. पण ती आई होती, तिच्या म्हणण्यात आणि गावाच्या म्हणण्यात फरक होता.

ती एकच विचारायची. बातम्या संपल्या, टाळ्या झाल्या, डाळ सरकली, की पदर सावरून म्हणायची, "भाऊ, आमच्या म्हादेवाचं काई सांगतलं काय?"

मामाजी हसून म्हणायचे, "अवो, दिल्लीचा रेडिओ हाय तो. तुह्या म्हाद्याचं नाव घ्याले बसला काय?"

"नाव नाई. पन त्याइकडलं काई?"

"त्याइकडलंच त सांगून राह्यले सारं. पुढं चालले ना आपले."

पुढे चालले म्हणजे महादेवही पुढे चालला असेल, एवढं मनाशी घेऊन ती टोपली उचलायची. जाताना आमच्या दारात ओंजळभर सांभार ठेवायची. बातमीचे पैसे देत असल्यासारखी.

पहिल्या दिवसाची संध्याकाळ मला नीट आठवते, कारण तेव्हा मी चहा घेऊन दारापर्यंत आले होते आणि फटीतून पाहिलं होतं. बातम्या नुकत्याच संपल्या होत्या. मामाजी सांगत होते की आपल्या जवानांनी शत्रूला रेटलं, आणि किती जवान कामी आले तेही दिल्लीनं सांगितलं. "कामी आले" हे त्यांनी असं म्हटलं, जणू त्यांच्या शेतावर आले होते. टाळ्यांचा कडकडाट झाला. माझा हात चहाच्या पातेल्याला भाजत होता, शब्दाकडे माझं लक्ष कुठलं? मी आत वळले. वळताना दिसलं ते एवढंच, की चंद्राबाईनं सगळ्यांकडे पाहिलं, टोपली पायरीवर ठेवली आणि तीही टाळ्या वाजवू लागली. तिला टाळ्या वाजवायची सवय नव्हती. भाकरी थापावी तशा वाजवत होती.

लढाई बहुतेक पितृपक्षात चालली. कोणाकडे ना कोणाकडे रोज श्राद्धाचं जेवण. खीर-वडे खाऊन जडावलेली पोटं घेऊन मंडळी यायची आणि ढेकर देत रणगाड्यांची मोजदाद करायची. मेलेल्यांचं जेवून यायचं आणि मरणाऱ्यांच्या बातम्यांना टाळ्या द्यायच्या. तेव्हा मला हे असं शब्दात सुचलं नव्हतं. नुसता राग यायचा आणि तो मी लाटण्यावर काढायची.

मग एका सकाळी लढाई थांबली. मला वाटलं आनंद होईल. ओसरीवर सुतक आलं. हेडमास्तर म्हणाले, अजून चार दिवस द्यायला हवे होते. कंपाउंडर म्हणाले, दिल्लीत दम नाही. मामाजी नकाशाकडे बघत बसले, खेळ अर्ध्यावर मोडलेल्या पोरासारखे. कोणाला हायसं वाटलं असेल तर चंद्राबाईला. ती त्या दिवशी टोपलीभर वांगी फुकट देऊन गेली.

इतकं सगळं होऊनही, आणि पुढे जे झालं ते होऊनही, एकाहत्तर साली लढाईची कुणकुण लागताच मामाजींनी नांदुऱ्याहून रेडिओसाठी नवी बॅटरी आणली. म्हणून म्हणते, माझा राग म्हातारपणाचा नाही. तो चांगला तरुणपणापासूनचा आहे आणि त्याला दरवेळी नवं खाणं मिळत आलं आहे.

लढाई थांबून आठवडा झाला असेल. घटस्थापना झाली होती. मामाजी मूग घेऊन नांदुऱ्याला गेले होते. त्यांना स्टेशनवर जाऊन गाड्यांमधल्या जवानांना हार घालायची आणि विचारपूस करायची चटक लागली होती. परतले ते संध्याकाळी, आणि वेशीपासूनच बैलगाडीत उभे राहून ओरडत आले. "चंद्राबाई, अवो चंद्राबाई! तुहा म्हादेव कामी आला!"

गाव धावलं. गाडी ओसरीपुढे थांबली. मामाजींनी उतरता उतरता सांगितलं की महादेवाच्याच पलटणीचा एक शिपाई स्टेशनवर रेल्वेगाडीत भेटला, हात गळ्यात बांधलेला, मध्य प्रदेशात बालाघाटाकडे घरी चाललेला. त्याला विचारलं, सोनाळ्याच्या महादेवाला ओळखता काय? तर म्हणाला, हो. आणि म्हणाला की तो तर पहिल्याच दिवशी कामी आला.

चंद्राबाई टोपली डोक्यावर घेऊन तशीच उभी होती. मग तिनं एका एकाकडे पाहिलं. "आयकलं काय? कामी आला. बिनकामाचा म्हनत होते ना? माहा म्हादेव कामी आला." ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मामाजींनी आतून साखरेचा डबा मागवला. मी तो सासूबाईंच्या हाती दिला. चंद्राबाईला त्यांनी ओसरीवर चढवलं, सतरंजीवर बसवलं, जिथे ती कधी बसली नव्हती. तिच्या हातावर साखर ठेवली. ती ती साखर पुढे येईल त्याला चिमटीनं वाटू लागली. कंपाउंडर विचारत होते, त्यानं नेमकं काय केलं असेल? मामाजींनी तिथल्या तिथे त्याला एक पूल उडवायला दिला.

मी दाराआड होते. चूल विझवलेली होती. या वेळी शब्द कानात नीट शिरले. आणि मला आमच्या नांदुऱ्याच्या शेजारची खाला आठवली. तिचा भाऊ मागच्या मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेला होता. दर ईदेला शिरकुर्म्याची वाटी माझ्या हातात देऊन ती भिंतीकडे बघत म्हणायची, "मेरा भाई बर्मा में काम आया." आणि ओढणीनं डोळे पुसायची.

मी सासूबाईंना म्हणाले, "मामाजीले विचारा, शिपाई हिंदीत काय म्हनला?"

सासूबाईंनी विचारलं. मामाजी वैतागले. "काय म्हनला म्हंजे? 'वो तो पहले ही दिन काम आ गया, चाचाजी.' असं म्हनला."

"अन् म्हनताना त्यानं काय केलं?"

"काय करते? टोपी काढली डोक्यावरची. मले मान देल्ला."

मी पदर न सावरता बाहेर आले. ओसरीवर माझा आवाज त्याआधी कोणी ऐकला नव्हता. "मामाजी, तो मान तुमाले नोता," मी म्हणाले. "लढाईत काम आला म्हंजे लढाईत मेला. हिंदीत असंच म्हनतात."

बखरीतल्या मराठीतही तसंच म्हणतात, पण गावात बखर वाचतो कोण; तिथे कामी आला म्हणजे उपयोगी पडला. कोणीतरी साखर गिळल्याचा आवाज झाला. हेडमास्तर सगळ्यांत आधी सावरले. "काम आना म्हणजे उपयोगी पडणे," ते म्हणाले. "मी पाचवीला शिकवतो." कंपाउंडर म्हणाले, दोन्ही अर्थ होत असतील. कोणी म्हणालं, नांदुऱ्याची हिंदी वेगळी. कोणी म्हणालं, मेला असता तर सरकारची तार आली असती. तार दसऱ्यानंतर आली, पण त्या वेळी हे म्हणणं सगळ्यांना पटलं. जसे लाहोरवर बोलायचे तसे ते महादेवावर बोलत होते, इकडून थोडं सरकवत, तिकडून थोडं हटवत. ज्याची आई त्यांच्या सतरंजीवर बसली होती तो जिवंत आहे की नाही, याचं मत घेणं चाललं होतं. आणि शेवटी मामाजी म्हणाले, "दोन अर्थ हायेत ना? मंग चांगला अर्थ घ्या."

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा पाहिला. पण हे वाक्य माझ्या मनातून गेलेलं नाही. सारा भादवाभर त्यांनी दुसरं केलं तरी काय होतं?

चंद्राबाईनं त्यांच्याकडे बघितलंच नाही. ती मला म्हणाली, "सूनबाई, तू नांदुऱ्याची. तुले पक्कं ठाऊक हाय?"

"हाव," मी म्हणाले, आणि तिच्याजवळ बसले. तिला खालाचं सांगितलं. ती सगळं ऐकत होती. हातावर उरलेली साखर घामानं विरघळत होती, ती पुसायचंही तिला भान नव्हतं.

मग ती मामाजींकडे वळली. आवाज अगदी रोजचा, बातमी विचारायची तसा. "भाऊ, रेडिओवाला रोज सांगे ना, इतले जवान काम आये म्हनून?"

मामाजींनी साखरेच्या डब्याचं झाकण लावलं.

"ते सारे मेलेले व्हते?"

हेडमास्तर नकाशाकडे पाहू लागले. फरशीवरचा खडू पुसट झाला होता, पण मुगाचे चार-दोन दाणे फटीत अजून अडकलेले होते.

"अन् म्हादेव पह्यल्याच दिवशी म्हनला ना शिपाई?"

"हाव," मामाजी म्हणाले. त्या ओसरीवर त्यांनी इतक्या हळू उच्चारलेला तो एकच शब्द असेल.

चंद्राबाईनं आपले दोन्ही चिकट तळवे समोर धरले आणि ती त्यांच्याकडे बघत राहिली. "पह्यल्या दिवशी मी अथीच, ह्या पायरीशी व्हती," ती म्हणाली. "माहा पोरगा मेल्याचं सांगतलं त्यायनं, अन् म्या टोपली खाली ठेवून टाळ्या वाजोल्या."